गोऱ्यांच्या बँडमधली भाऊबंदकी

मला विलायतेतला एक बँड लई आवडतो. चार पोरं, कुणाच्या तरी शेडमध्ये गाणी करायला लागली, मोठ्या कंपनीच्या दारात कधी गेली नाहीत. लोहाऱ्याला जाणाऱ्या एसटीत बसले की कानात तीच गाणी. एकदा सास्तूरला घरी भाकरी थापताना मोबाईल मोठ्यानं लावला आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरात आले.

"त्या गिटारीची तार सैल हाय. कुणी पिळत न्हाय का?"

"मुद्दाम सैल ठेवतात, अण्णा."

"मुद्दाम?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, "काय करायलेत तुझे गोरे?"

मी सांगितलं. पहिलं गाणं गाजलं, दुसरं त्याहून गाजलं, आणि गाणारा अन् गिटारवाला यांचं फाटलं. दोघं चुलतभाऊ, गाणारा मोठा. गाण्यावर नाव कुणाचं, यावरून जुंपली. बँड बंद.

अण्णा सावरून बसले. "मग वाटणी कशी केली?"

हे अण्णांनी विचारावं! अहो, अण्णा आणि माझे काका हाच एक बँड होता. अण्णा गाणार, धाकटे काका पेटी वाजवणार. गावोगावी भजनाला बोलावणं यायचं. मग शेताच्या बांधावरून भांडण झालं. वाटणीत दोघांनी असं शहाणपण केलं की गाणाऱ्याच्या वाट्याला पेटी आली आणि पेटीवाल्याच्या वाट्याला माईक. अण्णांना पेटीतला सा सापडत नाही, आणि काकांना माईकमध्ये नुसतं खोकता येतं. घराला घर लागून, तरी पाच वर्षं बोलणं बंद. माझं लग्न महिन्यावर आलं होतं. शेजारच्या दारातला माझा चुलता अक्षता टाकायला येणार नाही, या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

आणि बातमी आली, बँड पुन्हा एक होणार! मी पळत अण्णांना सांगितलं.

"माफी कुणी मागितली?"

तसं काही छापलेलं नव्हतं. "धाकट्यानं," मी ठोकून दिलं.

"शाबास! धाकट्यानंच मागावी."

मग मी काकांकडं गेले. त्यांनाही मी गोऱ्यांची खडान्‌खडा खबर पुरवायचे. त्यांनीही आधी तेच विचारलं. "मोठ्यानं मागितली," मी म्हणाले.

"व्हय का! ह्याला म्हणतेत मोठेपण."

झालं! हात दाखवून अवलक्षण. दोघं खूश झाले आणि आपापल्या ओट्यावर दुसऱ्याची वाट बघत बसले. आठ दिवस!

नवव्या दिवशी मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, माझं वाचण्यात चुकलं. माफी मोठ्यानंच मागितली. धाकटा साथीला नसला की गळा उघडत न्हाय, म्हणाला."

अण्णा हातातली भाकर ताटात ठेवून उठले, माळ्यावरून पेटी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि काकांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"बघ जरा. उंदीर शिरलेत वाटतं आत."

काकांनी मान खाली घालून भाता दाबला. पेटी अशी कोकलली की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली.

"दादा, काय केलं हो हिचं? ज्वारी भरून ठेवली होती का हिच्यात?"

आणि दोघं हसत सुटले. हसता हसता काका उपरण्यानं डोळे पुसायला लागले. मी दाराआड उभी राहून भोकाड पसरलं, सांगायला लाज कसली! माफी मात्र कुणीच मागितली नाही. हळदीला काकांनी पेटी वाजवली आणि अण्णा काकांच्या माईकवर गायले. गळा बसला होता, तरी गायले.

गोऱ्यांचं म्हणाल, तर मेले चौथ्याच कार्यक्रमात स्टेजवर एकमेकांच्या अंगावर धावले. आता वकील लावलेत. हे सास्तुरात कुणाला ठाऊक नाही.

दर एकादशीला भजनाला बसायच्या आधी अण्णांचा फोन येतो. लेक परंड्याला सासरी कशी आहे, ते नंतर.

"गोरे नांदायलेत ना नीट?"

मागं काकांची पेटी चालू असते.

"नांदायलेत, अण्णा," मी म्हणते. "तुम्ही बसा भजनाला."