मिरोचा नसलेला गोल

मिरोच्या बायकोचा, वेस्नाचा, फोन आला तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. "सतीश, मिरो गेला. सकाळी. मी कॉफी घेऊन आले तर..." एवढंच बोलली आणि मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "तू ऑफिसला जा, संध्याकाळी ये." मी ऑफिसला गेलो नाही. गाडीत बसलो, हीटर लावला आणि उरलेला बर्फ आपोआप वितळेपर्यंत नुसता बसून राहिलो. रडू येत होतं हे खरं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. चार वर्षांच्या ओळखीत मिरोने मला एकच काम सांगितलं होतं. ते मी केलं नव्हतं, आणि वर केलं म्हणून सांगितलं होतं. आता दोन महिने होऊन गेले. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहितोय.

मिरो आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्सचा माणूस. २००३ साली आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहायला आलो तेव्हा कॉम्प्लेक्समध्ये निम्मे लोक आपलेच, कुणी पुण्याचे, कुणी नागपूरचे. इथे सिंकच्या खाली खरकटं दळणारं एक यंत्र असतं. आपल्या लोकांना वाटतं की ते काहीही दळतं. स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात त्यात सांबारातल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा लोटला आणि सिंक तुंबलं. मग हा आला. उंच, टक्कल पडलेला, डावा पाय जरा ओढत चालणारा. अर्धा तास सिंकखाली उताणा पडून त्याने सुंभासारखा चोथा बाहेर ओढला, माझ्यासमोर धरला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे तुम्ही खाता?" स्मिता ओशाळली. तिने त्याला बसवून सांबार-भात वाढला. त्याने शेंग चावून चावून खाल्ली, चोथा ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवला आणि म्हणाला, "याची जागा ही. सिंक नाही." त्या दिवसापासून आमच्याकडे शेंगा केल्या की मिरोला बोलावणं असायचं.

जेवता जेवता त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. मी फुटबॉलची मॅच लावली होती. "तू क्रिकेटवाला नाहीस?" म्हटलं, "मी कोल्हापूरचा आहे." आता कोल्हापूरच्या बाहेर याचा अर्थ पुण्याच्या माणसालासुद्धा नीट कळत नाही, तर याला काय कळणार. पण मी सांगितलं की आमच्या गावात तालमींच्या टीम असतात, मॅच हरली की पेठेत घरोघरी सुतक, आणि जिंकली तरी डोकी फुटतातच. आणि मी स्वतः दोन सीझन आमच्या तालमीचा तिसरा गोलकीपर होतो, म्हणजे बाकावर बसून शेंगदाणे खायचो. मिरो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "तुझं गाव बरोबर गाव आहे." त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझं कोल्हापुरी, त्यामुळे आमचं छान जमलं.

तो लेफ्ट बॅक होता, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेचा बचाववाला, चौदा वर्षं, नऊ क्लब. घर सर्बियात, सुबोटिकाजवळच्या एका खेड्यात, बाप सर्बियन, आई हंगेरियन. मोठा खेळाडू कधीच नव्हता, आणि हे तो स्वतःच आधी सांगून टाकायचा. कुठल्याही टीमला लेफ्ट बॅक कमी पडला की मिरोला बोलवायचे आणि त्यांचा स्वतःचा बरा झाला की निरोप द्यायचे. सर्बिया, बोस्निया, मॅसिडोनिया, मग हंगेरी. पण त्याच्याकडे गावांची जी माहिती होती ती जगात कुणाकडे नसेल. "लेफ्ट बॅकला गावाची एकच बाजू दिसते," तो म्हणायचा, "हाफटाइमनंतर दुसरी." बिटोला म्हटलं की त्याला तंबाखूचं गोदाम आठवायचं, बेकेशचाबा म्हटलं की वाऱ्यावर येणारा सॉसेजचा वास, आणखी कुठल्या तरी गावात टचलाइनला लागूनच कबरस्तान होतं आणि बॉल पलीकडे गेला की आणायला जाणारा आधी छातीवर क्रॉस करायचा. मी विचारलं, क्लब एवढे बदलले तर त्रास नाही झाला? म्हणाला, "क्लब मी बदलले. देश आपोआप बदलले."

दर शनिवारी सकाळी तो कॉम्प्लेक्समागच्या मैदानावर लहान मुलींना फुटबॉल शिकवायचा, फुकट. माझी सई तेव्हा आठ वर्षांची. इथल्या आपल्या सगळ्या मुलांसारखी तीही प्रत्येक मोठ्या माणसाला काका म्हणायची, म्हणून तो 'मिरो काका'. त्यांच्याकडेही असंच असतं म्हणे, मोठ्या पुरुषाला 'चिका' म्हणतात, म्हणून त्याला ते अगदी आवडलं. त्याचा एक विचित्र नियम होता. गोल झाला की तो स्वतः कुणाचंच नाव लिहायचा नाही. जिने मारला तिने वहीपाशी यायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. एकदा सई धावत आली आणि "Mine!" म्हणाली. बॉल खरं तर दुसऱ्याच मुलीच्या गुडघ्याला लागून आत गेला होता, ते मलाही दिसलं होतं. मिरोने वही मिटली. "पुन्हा विचार कर," एवढंच म्हणाला, पण असा काही म्हणाला की सई रडायलाच लागली. मला राग आला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, एवढीशी पोर आहे, एका गोलाने काय होतं यार?" तो माझ्याकडे बघत राहिला... चार वर्षांत त्याला चिडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

हे सगळं विसरून २००६ साली मी एक आगाऊपणा केला. इंटरनेटवर जुन्या फुटबॉल खेळाडूंची आकडेवारी ठेवणारी एक साइट मला सापडली. युरोपातले चार-पाच हौशी लोक ती चालवतात. सहज मिरोचं नाव टाकलं तर पठ्ठ्या सापडला. नऊही क्लब ओळीने, प्रत्येकापुढे छोटा झेंडा, त्यातले काही झेंडे तो तिथे खेळायचा तेव्हा जन्मालाही आले नव्हते. गोलांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य... आणि हंगेरीतल्या एका क्लबपुढे एक. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चौदा वर्षांत एक गोल, आणि या गड्याने कधी तोंडातून काढला नव्हता. ऑफिसच्या कलर प्रिंटरवर तो कागद छापला आणि त्याच्या वाढदिवसाला घेऊन गेलो. वेस्नाने केक केला होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्या एकावर बोट ठेवलं.

मिरोने चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "हा माझा नाही."

वेस्ना उठून आत गेली. तिला ठाऊक होतं. मग त्याने सांगितलं, थांबत थांबत. १९९२चा वसंत ऋतू. सीमेपलीकडे, त्याच्या देशात, युद्ध सुरू होतं आणि त्याच्या वयाच्या माणसांना घरातून उचलून आघाडीवर पाठवत होते. मिरोचं हंगेरीत राहणं क्लबच्या करारावर, करार संपला की कागद संपले आणि परत जायचं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २००१ साली माझी नोकरी गेली तेव्हा कंपनीबरोबर व्हिसाही जाणार म्हणून मी आणि स्मिता बॅगा बाहेर काढून बसलो होतो. सीझनची शेवटची मॅच. कॉर्नर आला, गोलसमोर पंधरा माणसांची झुंबड, आणि बॉल फेरीच्या डोक्याला लागून आत गेला. फेरी म्हणजे त्यांचा फॉरवर्ड, त्याच गावचा, तिशी ओलांडलेला, वर्षभर गोल नाही म्हणून त्याचाही करार लटकलेला. फेरी खांबावर आपटून चिखलात पडला. मिरो शेजारी हात वर करून उभा. लाउडस्पीकरवर मिरोचं नाव आलं. "मी तोंड उघडणार होतो," मिरो म्हणाला. "मग ड्रेसिंग रूममध्ये अध्यक्ष आला आणि मला मिठी मारली." मिरोला कराराची आणखी दोन वर्षं मिळाली. फेरीला निरोप.

"फेरीला माहीत होतं?" मी विचारलं.

"बॅग घेऊन निघाला तेव्हा माझ्याकडे आला. हात मिळवला. म्हणाला, छान गोल." मिरोने चष्मा काढून कागदावर ठेवला. "तो टोमणा होता की त्याने मला तो गोल देऊन टाकला, हे मला अजून कळलेलं नाही. पुन्हा कधी भेटला नाही. त्याची एक लहान मुलगी लाल टोपी घालून मॅच बघायला यायची. ती आता मोठी झाली असेल. तू जसं कॉम्प्युटरवर शोधलंस, तशी तीही बापाला शोधत असेल. सतीश, तू त्या लोकांना लिही. माझं शून्य कर."

मी हो म्हटलं. घरी आलो आणि लिहिलं नाही. ऑफिसात प्रोजेक्ट गळ्याशी आलं होतं, ग्रीन कार्डचे कागद चालले होते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण वेगळंच होतं. मला तो गोल हवा होता. चौदा वर्षं चिखल तुडवलेल्या माणसाच्या नावापुढे नुसतं शून्य, आणि ते माझ्या हाताने करायचं, हे मला जमेना. मनात म्हटलं, राहू दे की. कुणाचं काय बिघडतंय? महिन्याभराने त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठवली मेल." एकदा खोटं बोललं की दुसरं सोपं जातं. पुढच्या वसंतात त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली. उन्हाळ्यात मी त्याला केमोला ड्राइव्ह करून न्यायचो, तेव्हा एकदा गाडीत त्याने पुन्हा विचारलं, "उत्तर आलं?" मी म्हटलं, "सुट्ट्या असतील तिकडे." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हो, ऑगस्टमध्ये तिकडे कुणी काम करत नाही." मला वाटलं, बरं झालं, सुटलो. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

त्याचे अंत्यसंस्कार झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी वेस्नाकडे गेलो. स्मिताने वरण-भात नेला होता. मी पाणी घ्यायला किचनमध्ये गेलो आणि फ्रिजवर तो कागद दिसला. माझ्या आईने भारतातून पाठवलेलं इवल्याशा कोल्हापुरी चपलेचं मॅग्नेट आम्ही त्यांना दिलं होतं, त्याखाली लावलेला. हंगेरीच्या ओळीतला एकचा आकडा बॉलपेनने खोडला होता. बाजूला मिरोच्या अक्षरात शून्य, आणि शून्यापुढे फेरीचं नाव. तोंडात मारल्यासारखं झालं. वेस्ना मागे येऊन उभी राहिली होती. म्हटलं, "वेस्ना, मी ती मेल..."

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला म्हणाला, सतीश पाठवणार नाही. त्याला तो गोल आवडतो."

घरी येऊन मी कोटसुद्धा न काढता कॉम्प्युटरसमोर बसलो आणि मेल लिहिली. मिरोने सांगितलं होतं तसंच सगळं: कुठली मॅच, कॉर्नर, चिखल, लाउडस्पीकर, ड्रेसिंग रूम, आणि त्याने तोंड का उघडलं नाही तेही. अकरा मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. साइटवरचं हंगेरीचं काम एक निवृत्त शिक्षक बघतात. त्यांनी लिहिलं होतं, जुना पेपर काढून पाहिला, पेपरातही तुमच्या मित्राचंच नाव आहे, पण ज्याच्या नावावर गोल आहे तोच नाही म्हणतोय तर मी कोण मोठा लागून गेलो. त्यांनी मिरोच्या पानावर शून्य केलं आणि फेरीच्या पानावर एक गोल वाढवला. फेरीच्या पानावर जन्मतारीख आहे, मृत्यूची तारीख नाही. याचा अर्थ तो आहे, की कुणी ती भरलेली नाही, हे मला माहीत नाही. मी पुन्हा मेल करून विचारलंय. अजून उत्तर नाही.

गेल्या शनिवारी दोन्ही पानं छापून वेस्नाकडे नेली. ती टेबलाशी बसली आणि मिरोच्या पानावर वरून खाली बोट फिरवत एकेक गाव वाचत गेली. प्रत्येक गावी ती त्याच्याबरोबर राहिली होती, कुठे बेकरीच्या माडीवर, कुठे कुणाच्या मागच्या खोलीत. शेवटच्या शून्यावर बोट थांबलं आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "चौदा वर्षं," ती म्हणाली, "आणि एकसुद्धा नाही." मग उठून तिने बॉलपेनच्या खुणेचा जुना कागद काढला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मिरोचं नि फेरीचं अशी दोन्ही पानं त्या चपलेखाली शेजारी शेजारी लावली.

"तुला किती वेळ लागला लिहायला?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं.

मी खरं सांगितलं. "अकरा मिनिटं."

तिने गॅसवर कॉफीचं भांडं चढवलं. मग म्हणाली, "मिरोला पंधरा वर्षं लागली. बस, कॉफी पिऊन जा."