इन्फो अ‍ॅट सुनीतावहिनी

आयटीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हॉलंडमधल्या रायस्वाइक गावातली मराठी मंडळी दोनच कामांसाठी फोन करायची: प्रिंटर बिघडला किंवा ईमेल उघडत नाही. प्रिंटरचे कधी किस्से होत नाहीत. ईमेलचे मात्र इतके साठले, की चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, “समीर, तो डॅशिंगवाला सांग!”

तर आधी डॅशिंगवाला.

दोन हजार पाचची गोष्ट. माझा मित्र नितीन आणि त्याची बायको सुनीतावहिनी आमच्याच इमारतीत राहायचे. वहिनी पुण्यात बँकेत होत्या. इथे वर्षभर घरी बसून कंटाळल्या आणि ऑफिसांना दुपारचं जेवण पुरवायचं त्यांनी ठरवलं. हेगमधल्या एका ऑफिसला मेन्यू पाठवला, तो नितीनच्या कॉलेजच्या दिवसांतल्या पत्त्यावरून. त्या पत्त्याची सुरुवातच ‘डॅशिंग नितीन’ अशी!

उत्तर आलं, “डिअर मिस्टर डॅशिंग, सध्या आम्हाला गरज नाही.”

वहिनी म्हणाल्या, “ऑर्डर गेली त्याचं सोडा. पण ह्याला डॅशिंग म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, तेही नाही म्हणायला!”

आम्ही हसलो. त्याही हसल्या. मग लॅपटॉप मिटून म्हणाल्या, “पुण्यात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, भाऊजी. इथे मेलचा पत्तासुद्धा नवऱ्याचा.”

* * *

मी म्हटलं, “वहिनी, स्वतःचा पत्ता काढा.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढला: ‘आर्याची आई’!

“अहो, मुलीच्या शाळेत मला सगळे ह्याच नावाने ओळखतात.”

आता हा पत्ता डच माणसाला फोनवर सांगायचा. त्यांच्या भाषेत इंग्रजी ‘ई’ ह्या अक्षराला म्हणतात ‘ए’. वहिनी ‘आई’चं स्पेलिंग ‘ए, ए, आय’ असं सांगायच्या आणि पलीकडचा ‘ए’ ऐकून ‘ई’ लिहायचा. मेल जायची अवकाशात!

एका गृहस्थाने चिकाटीने तिसऱ्यांदा लिहून घेतलं आणि विचारलं, “हा ‘आई’ म्हणजे भारतातला एखादा प्रांत का?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “तिथले कायदे फार कडक आहेत.”

ऑर्डर मिळाली. पण तो शेवटपर्यंत त्यांना ‘मिसेस आई’च म्हणत राहिला.

* * *

शेवटी मीच पुढाकार घेतला. वहिनींच्या धंद्याच्या नावाने वेबसाइट घेतली आणि रीतसर पत्ता केला: ‘इन्फो’, पुढे अ‍ॅट, पुढे धंद्याचं नाव. पहिल्याच आठवड्यात दोन ऑफिसांनी मेन्यू मागवला. पदार्थ तेच, किंमत तीच, फक्त पत्ता नवा!

नितीनने गंमत म्हणून ऑफिसातून त्या पत्त्यावर मेल टाकली: “आज संध्याकाळी जेवायला काय आहे?”

पाच मिनिटांत उत्तर: “आपल्या चौकशीबद्दल आभार. किमान दोन दिवस आधी कळवणे आवश्यक आहे.”

त्या संध्याकाळी नितीनने ब्रेड खाल्ला.

* * *

ह्या सगळ्याला आमच्या मिलिंद कांबळेचा विरोध. हा वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात बटाट्याच्या रोगांवर संशोधन करायचा. त्याचं म्हणणं, “कामात दम हवा. पत्त्याने काय होतंय?”

त्याचा स्वतःचा पत्ता होता ‘पोटॅटो किंग’. मी त्याला झाप झाप झापलं, “अरे, डॉक्टरेट झालेला माणूस तू! तिथले शेतकरी काय म्हणत असतील?”

नंतर एकदा त्याच्याबरोबर एका शेतावर गेलो. लांबून शेतकरी हात हलवत ओरडला, “किंग आला!”

मिलिंदनेही राजासारखा हात वर केला. त्याचा पत्ता बदलायचा विषय मी त्या दिवशी सोडून दिला.

* * *

आणि हा शेवटचा. तिथे मी स्वतः हजर होतो.

मराइके नावाच्या बाईंची ट्रेनिंगची कंपनी होती. वहिनींनी त्यांना जेवणाचे डबे पाठवले, पण कुठला शाकाहारी आणि कुठला चिकनचा ह्याच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. तिथल्या पर्चेस डिपार्टमेंटची जळजळीत मेल आली, “हे प्रोफेशनल नाही!”

वहिनींचा चेहरा उतरला. चूक खरंच त्यांची होती. मग त्यांनी ‘मॅनेजर’ असा नवा पत्ता माझ्याकडून काढून घेतला आणि लिहिलं, “चूक आमच्या सेल्सच्या सहकारी बाईंची आहे. मी त्यांना कडक शब्दांत समज दिली आहे.”

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणून मराइकेबाईंचं उत्तर आलं: “फार रागावू नका. आमच्या पर्चेसवालीची भाषाही वाईट होती. मीही तिला समज दिली आहे. शुक्रवारी पंचवीस डबे हवेत.”

शुक्रवारी बाई स्वतःच डबे न्यायला आल्या. हातात फुलं. “ही तुमच्या सेल्सच्या मॅडमना. आमची पर्चेसवालीही माफी मागतेय. खाली गाडीत बसलीय, तिला वर यायला लाज वाटते.”

वहिनींनी खिडकीतून वाकून पाहिलं. मीही पाहिलं. गाडीत कोणी नव्हतं.

वहिनींनी फुलं घेतली, अगदी शांतपणे.

“तिला सांगा, मनावर घेऊ नकोस. आमची सेल्सवालीही बाहेर आली असती, पण आत वडे तळतेय!”