पंकजला मशीन कुणी शिकवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या कामगार संघटनेत नाही, तेलीबांध्याला घरी आईलाही नाही. आणि आता सांगतानासुद्धा अंगात त्या दिवशीचं तेच वारं शिरतंय — त्याचीच चीड येते.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी सळया काढणाऱ्या एका रोलिंग मिलनं नवी मशीन घेतली आणि ती चालवायला तुर्कस्तानहून मेहमेत नावाचा कारागीर आणला. आमचे पोट्टे रिकामे, आणि माणूस परदेशातून! नियम काय? हे काम इथं कुणालाच येत नाही असं मालकानं सांगायचं, तेव्हाच बाहेरच्याला परवानगी. तीही त्या एकाच मालकापुरती. त्यानं काढलं की शेजारच्या मिलमध्येसुद्धा काम मागता येत नाही, सरळ मायदेश. ही वेठबिगारी आहे, असं मीच एका पत्रकात ठणकावून लिहिलं होतं. मीच!

माझा मामेभाऊ पंकज त्या मिलमध्ये हेल्पर. एकदा घरी आला तो उड्या मारतच.

"ताई, मेहमेतभैया मले पूरी मशीन शिकवून राहिला! पर बोलजो नको कोठी. सेठ म्हणते, तुम्ही शिकले का पळसान दुसऱ्या मिलमध्ये. हा मेहमेतभैया तर पळूच शकत नाही."

कळतंय ना? ज्याला आम्ही 'परत जा' म्हणत होतो, तो आमचंच काम करत होता. स्वतःच्या पोटावर पाय देऊन. आणि मी काय केलं? माझ्या डोक्यात दिवा पेटला — पुरावा मिळाला!

शिफ्ट सुटायची वेळ. गेटवर ही गर्दी, ट्रकांची धूळ, माझ्या हातात भोंगा. परवानगीच्या तपासणीला सरकारी साहेब आलेले, शेठ घाम पुसतोय. मी ओरडले, हे काम आमच्या पोरांना येतं, आत चला, दाखवते! सगळे आत घुसलो. मी पंकजला पुढे ढकललं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं मशीनला हात लावला. लालभडक सळई सरसर बाहेर आली — काय सांगू, अंगावर काटा आला! लोकांनी छत डोक्यावर घेतलं. मेहमेत कोपऱ्यात उभा. हिंदी त्याला फारशी येत नव्हती. आपला पोरगा जमवतोय एवढंच त्याला दिसलं असावं — तोही टाळ्या वाजवत होता.

साहेबांनी विचारलं, "इसको सिखाया किसने?"

पंकजनं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोलले. भोंग्यातून.

"किसी ने नहीं! खुद सीखा है! छत्तीसगढ़ का लड़का है!"

मेहमेतची परवानगी गेली. दुसरी मिल त्याला घ्यायला तयार होती म्हणे, पण नियम तो नियम. तो गेला. पंकज पक्का ऑपरेटर झाला. आमच्या विजयसभेला मात्र आला नाही. "काहून वो ताई?" एवढंच त्यानं विचारलं होतं. मी म्हणाले, लढाईत असं चालतं.

चालतं? नाव एकच होतं, चार अक्षरांचं. माझ्या जिभेवर आलेलं होतं. पण गर्दी माझ्या शब्दावर पेटली होती, आणि तिनं थांबू नये असं मला वाटत होतं. बस. एवढ्यासाठी.