कडब्याच्या खोलीची किल्ली
साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की प्रवरेकाठचं आमचं घर आठवतं. दारू सुटावी म्हणून आईनं थोरल्या भावाला कडब्याच्या खोलीत कोंडलं होतं, आणि पौर्णिमेपर्यंत कुलूप काढणार नाही अशी देवीची शपथ घेतली होती. तिसऱ्या दिवशी तो अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत ओरडायला लागला. आई दाराला अंगारा लावत राहिली. मी धावत जाऊन दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं. "हे बाहेरचं नाही. दारू एकदम तुटली की असं होतं. दार उघडा, नाहीतर जीव जाईल." आई हलली नाही. "म्या देवीची आन घेतलीय." मी तिच्या कमरेची किल्ली हिसकावली. भाऊ वाचला, आई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आता व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या प्रत्येक आईला मी आधी एवढंच विचारते, घरी कुलूप लावून आलात का?