इटलीच्या करंज्या

आमच्या दादासाहेबाच्या जिभेला हाड म्हनून न्हाय. रस्त्यानं कुनी ओळखीचा जाताना दिसला की ह्यानं हाक मारलीच. "या की जेवायला! सूनबाईच्या हातचं इटलीचं खाऊन बघा." जसं काय इटली आमच्या जळोचीच्या शिवारातच हाय! दीर हाय माझा, पन ह्या ठमाबाईनं खरं बोलायला कुनाची भीड धरली न्हाय. घराला घर लागून आमचं. तिकडं फोडनी पडली की हिकडं मला ठसका लागतो.

त्याची सून वृषाली. माहेर सुप्याकडलं, कोरडवाहू. तितं भाजीचं देठ बी कुनी टाकत न्हाय. आन् हितं येऊन बघती तर काय, दादासाहेबाच्या रानात ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी, सगळं पुण्याच्या व्यापाऱ्यासाठी. वाकडी, डागाळलेली असंल ती परत घरी. तिची सासू छबूबाई ती म्हशीम्होरं टाकायची, तर म्हशी बी तोंड फिरवायच्या. पोरीच्या जिवाला लागलं ते. मोबाइलमधी बघून बघून शिकली सगळं. शेवयाच्या यंत्रावर चीनच्या शेवया पाडल्या. नारळाच्या दुधात गवती चहा घालून थायलंडची आमटी केली. मेक्सिकोची म्हनून मक्याची भाकरी केली, ती बघून मी म्हनलं, "अगं, ही तर आपलीच की!"

आन् त्या इटलीच्या करंज्या! मैद्याच्या पातळ पोळीत पनीर आन् झुकिनीचं सारन भरायचं, कातन्यानं कापायचं, पान्यात उकडायचं, वर टोमॅटोचा रस्सा. पहिल्यांदा केल्या तवा वाटी घेऊन माझ्याकडं आली आन् मी घास घेतला तसा माझ्या तोंडाकडं बघत बसली. "अगं बया," म्हनलं, "काय गं ही चव!" तर डोळं भरलं पोरीचं. त्या घरात तिला कुनी असं म्हनलंच नव्हतं. दादासाहेबाला चव कशाशी खात्यात ते ठाऊक न्हाय, त्याला फकस्त मिरवायचं असतंय.

मंग काय, रोज पाहुनं. आज व्यापारी, उद्या कारखान्याचं सभासद, परवा कुनाचा तरी साडू. पोरगी ओट्याम्होरनं हलंना. माहेरी जायचं म्हनली की "पाहुनं येनार हायत". दवाखान्यात जायचं म्हनली तरी "जेवनं उरकून जा". बरं, शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता तरी आलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

तिचा नवरा संदेश लोणी देवकरला कंपनीत कामाला. तितं परदेशातलं इंजिनेर आलेलं, त्यांना मेसचं तिखट झेपंना. कंत्राटदारानं संदेशला इचारलं, "तुझी बायको करती म्हनं तिकडलं. एक दिवस येऊन करून दाखवू दे. पसंत पडलं तर कायमचं काम." पोरीला आभाळ ठेंगनं झालं. पन दोनदा दिवस ठरला आन् दोन्ही बारीला दादासाहेबानं त्याच दिवशी पाहुनं बोलावलं. कंत्राटदार म्हनला, ह्या गुरुवारी आली तर आली, न्हायतर दुसरी बाई बघतो. संदेशला सांगितलं तर तो म्हनं, "बघू." जल्मात दुसरा शब्द शिकला न्हाय गडी.

मंगळवारी दादासाहेबाचं इंदापूरचं दोस्त रावजी जेवायला येनार हुतं. सकाळी वृषाली माझ्याकडं आली. मी मटकी निवडत हुते.

"काकी, आज मी बिघडवनार."

"काय?"

"मीठ घालनार. तोंडात धरवनार न्हाय इतकं. मामांची चारचौघांत फजिती झाली की पुन्हा कुनाला बोलवायचं न्हाईत. मंग घरी माझ्यावाचून काय अडनार न्हाय. जा म्हनतील."

ज्या हाताला देवानं चव दिली, त्यानं असं करायचं! पन म्हनलं, "कर. आन् हात आखडू नगंस."

दुपारी पंगत बसली. रावजी आन् त्याच्यासंगं दोघं. मी वाढायला. वृषाली दाराआड, पदराचं टोक मुठीत धरून. छबूबाई आत चुलीपशी. नैवेद्याआधी चव बघायची न्हाय ही तिच्या घरची रीत, तवा तिला काय पत्ता न्हाय.

रावजीनं करंजी तोंडात घातली. डोळं मोठं झालं. घोटभर पानी प्याला.

"दादासाहेब," रावजी म्हनला, "इटलीला लागूनच समुद्र हाय, न्हाय का? तरीच! मीठ कसं कडक हाय! ही खरी चव. हॉटेलात आपल्याला फसवत्यात."

आन् मेल्यानं दुसरी उचलली! बाकीच्या दोघांनी बी माना डोलावल्या. दादासाहेबाच्या कपाळाला घाम फुटलेला, तरी मिशीवर हात फिरवून म्हनतो, "आमची सूनबाई हुबेहूब करती."

मला ऱ्हावलं न्हाय. "आरं, खारट झालंय ते! घास उतरतोय तरी कसा तुमच्या नरड्याखाली?"

हसलं सगळं. "वहिनी, तुमची जीभ पिठलं-भाकरीची," दादासाहेब म्हनला. "ह्यातलं तुमाला न्हाय कळायचं."

रावजी म्हनला, "गुरुवारी आमच्या नातीचं बारसं हाय. सूनबाईला धाडा, ह्याच करंज्या पायजेत."

"धाडतो की! त्यात काय इचारायचं?"

लोणी देवकरला धाडायला ह्याला दिवस मोकळा नव्हता, आन् इंदापूरला धाडायला झाला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दाराआड बघितलं, तर वृषाली भिंतीला टेकून खाली बसलेली. रडत बी नव्हती.

पुरुषांची पानं उठली, मंग आमी तिघी बसलो. छबूबाईनं पहिला घास घेतला आन् थांबली. सुनेकडं बघितलं. मला वाटलं, आता आरडती.

"नवी हुते तवा मी बी आमटीत मूठभर घातलं हुतं," ती हळूच म्हनली. "म्हनलं, रांधता येत न्हाय म्हनून सोडतील माहेरी."

"मंग, आत्या?" वृषालीनं सासूला इचारलं.

"ह्यांनी दही मागितलं." तिनं दह्याची वाटी सुनेकडं सरकवली. "घे. कालवून खाल्लं की जातंय खाली."

वृषालीनं दही घेतलं. मी बी घेतलं. तिघी खात हुतो, तवर वसरीवरनं दादासाहेबाची हाक आली, "सूनबाई, रावजींना डबा भरा. घरी न्हेत्यात."

तिनं हातातला घास ताटात ठेवला, हात धुतलं आन् डबा हुडकाया उठली.