आमच्या घरातलं अंदमान

ज्या घरातला मुलगा अंदमानात नोकरीला असतो, त्या घराला किस्से शोधावे लागत नाहीत. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे ते आपोआप लागतात. मी या घरात आले माघात, आणि चैत्र लागेपर्यंत माझ्याकडे इतके जमले की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना!

पहिला तर लग्नाआधीचाच. स्थळ आलं तेव्हा कल्याणच्या आमच्या मामांनी विचारलं, "मुलगा असतो कुठे?"

"अंदमानात," मध्यस्थ म्हणाले. "तीन वर्षं झाली."

मामांनी पानाचा डबा मिटला. एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून अगदी हळुवारपणे विचारलं, "अजून किती राहिलीत?"

मग जंगलखात्यातली नोकरी, सरकारी क्वार्टर, भरपगारी रजा, सगळं समजावून सांगावं लागलं. मामांना पटलं. तरी लग्नात त्यांनी यांच्या मनगटांकडे दोनदा निरखून बघितलेलं मी पाहिलंय!

*

हे लग्नासाठी मोठी रजा काढून डोंबिवलीला आले होते. रजा संपली की मी बरोबर जायचं की नाही, यावर आमच्या चाळीत ज्याचं त्याचं मत होतं. सासूबाईंचं, म्हणजे माईंचं, एकच: "काळ्या पाण्यावर सून धाडायची नाही. पोरगा गेलाय तेवढं पुरे!"

ठाकुर्लीहून भाजी घेऊन येणारी हिराबाई हे ऐकून हसत सुटली. "माय, पानी त पानीच. कालं काय न गोरं काय!"

"तुझं काय जातंय बोलायला? मेथी कशी दिलीस?" माई म्हणाल्या.

मला कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. फक्त माहेरून आणलेली ट्रंक अर्धीच रिकामी केली. खालची लुगडी तशीच राहू दिली.

*

सासरे, अण्णा, माईंची समजूत काढायला शेजारच्या मुलाचा नकाशा घेऊन आले. "ही बघ, अशी माळ आहे बेटांची, वरून खाली. आपल्यापेक्षा ब्रह्मदेशाला जवळ."

माई चष्मा लावून वाकल्या. "कुठायत?"

अण्णांनी बोट टेकवलं. "ही काय."

"बोट उचला बघू."

अण्णांनी उचललं. माई त्या निळ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा परत. निदान तिथे काहीतरी आहे असं वाटत होतं!"

*

संध्याकाळी गॅलरीत चटई पडली की यांना फर्माईश व्हायची. हे सांगायचे, काचेसारखं पाणी, तळाशी प्रवाळाची झाडं, त्यातून फिरणारे निळे-पिवळे मासे.

शेजारच्या गोदूकाकूंनी अडवलं. "तळ दिसतो? मग घागर पडली तर लगेच सापडत असेल!"

"सापडेल की, काकू."

"नाहीतर आमची विहीर! माझी पितळी घागर गेली ती गेलीच," काकू हळहळल्या. तेव्हापासून चाळीत अंदमानच्या बाजूने बोलणाऱ्या त्या पहिल्या!

अण्णांनी मात्र तुरुंगाचं विचारलं. हे म्हणाले, "कोठडीची खिडकी फार उंच आहे, अण्णा. चहूकडे समुद्र, पण आतून दिसत नाही. नुसता ऐकू येतो."

मग माईंनीच विचारलं, "आणि तुझ्या क्वार्टरातून?"

"दिसतो ना. स्वयंपाकघरातूनसुद्धा."

माई उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. आत जाऊन बघते तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून त्या समोरची मोकळी शेतं बघत होत्या.

*

हे लहानपणी तापाने फणफणले तेव्हा माईंनी संकष्टी धरली. मोठेपणी यांनीही धरली. "चंद्र उगवला की तो तिकडे जेवतो, मी इकडे. तेवढीच आमची पंगत," असं माई सगळ्यांना सांगायच्या.

एकदा जेवताना हे सहज बोलून गेले, "तिकडे चंद्र तास-सव्वा तास आधीच उगवतो. पूर्वेला ना आम्ही! घड्याळ मात्र इथलंच."

माईंचा वाढता हात थांबला. "म्हणजे तीन वर्षं मी इथे ताटकळत बसतेय, आणि तू तिकडे मोदक खाऊन मोकळा?"

"मोदक कुठले, माई? भात टाकतो, ताट वाढून घेतो, आणि एकटाच जेवतो."

अण्णांनी पाणी मागितलं. एरवी तांब्या घेऊन धावणाऱ्या माई जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला उकड मळायला बसवलं. "पाकळ्या बारीक काढ, सूनबाई. एवढे जाड मोदक कोण खाणार?"

कोण खाणार ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

*

रजा संपत आली आणि मधेच संकष्टी आली. माई, हे आणि मी, तिघांचा उपास. दिवेलागण होऊन गेली. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ अजून तासभर लांब होती आणि पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात माईंनी दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. मोदकांवर तुपाची धार धरली.

"बसा दोघं."

यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे.

"अहो माई," मी म्हटलं, "चंद्र कुठे उगवलाय अजून?"

"तुमचा उगवला," माई म्हणाल्या. आणि गॅलरीत जाऊन पूर्वेकडे तोंड करून आपल्या चंद्राची वाट बघत बसल्या.