तीनदा टकटक

अबू धाबीहून कामासाठी दुबईला आलो की कंपनी मला करामा भागातल्या एका स्वस्त चेन हॉटेलात उतरवायची. खोली दर वेळी वेगळी, पण गालिचा तोच करडा आणि किटलीचा वासही तोच. दार उघडतानाच शीण यायचा.

सकाळी खोली आवरायला येणारा माणूस गुहागरकडचा होता, पन्नाशीतला. नाव मी कधी विचारलं नाही. दार सताड उघडं असो, मी समोरच बूट घालत बसलेलो असो, तो बाहेर उभा राहून किल्लीने तीनदा टकटक करायचा, "हाउसकीपिंग" म्हणायचा आणि ओठातल्या ओठात दहापर्यंत मोजूनच आत यायचा.

एकदा मी वैतागलो. "अहो, मी दिसतोय ना तुम्हाला? या की सरळ आत."

चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट खोचत तो म्हणाला, "सवय लागली, साहेब. दोन वर्षांनी रजेवर गावी गेलो, तर स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून बाहेर उभा. आतून बायको विचारते, 'कोण पाहिजे?'"

"मग?"

"मग काय सांगणार? दहापर्यंत मोजत उभा राहिलो."

उशी थोपटून तो पुढच्या खोलीकडे गेला.

त्या गुरुवारी थकून अबू धाबीला घरी पोचलो आणि बेल दाबून उभा राहिलो. मुलीने दार उघडलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"पापा, यू हॅव द की," ती म्हणाली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली.